पाळणाघराच्या दारात रेशन कार्ड मागू नका

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास खातं, कर्नाटक सरकार,
आणि हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावला येणारे सर्व आमदार,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव शहरातल्या वडगावची. आमच्या गल्लीत दिवस मागाच्या खडखडाटानं उजाडतो आणि त्यातच मावळतो. 31 वर्षं सरकारी मराठी शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत. आता निवृत्त आहे. माझं कुठल्या कचेरीत काही अडलेलं नाही, एकही अर्ज पडून नाही, नातवंडंही पाळण्यातून केव्हाच उतरली. हे पत्र माझ्या सोयीसाठी नाही, एवढं आधी सांगून ठेवते.

गेली दोन-तीन वर्षं एक वाक्य सारखं कानावर येतंय. "द्यायचं तर गरजूंनाच द्या की." चहाच्या टपरीवर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच, पेपरातल्या वाचकांच्या पत्रांतही तेच. पाळणाघरांचा विषय निघाला की हे वाक्य आणखी जोरात येतं. कूसिन मने, म्हणजे राज्य सरकारनं ग्रामपंचायतींत काढलेलं पाळणाघर असो, की अंगणवाडीला जोडलेलं पाळणाघर, तिथं बीपीएल कार्डवाल्यांचीच मुलं घ्यावीत, बाकीच्यांनी आपापली सोय बघावी. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. मीसुद्धा कितीतरी वर्षं हेच म्हणत होते. डॉक्टरच्या मुलाचा वरणभात माझ्या पगारातून कापलेल्या टॅक्सवर का शिजावा, असं माझंही होतं.

ते मत कसं गेलं, ते सांगते.

साल 2002. दारिद्र्यरेषेखालची घरं शोधायला केंद्रानं नवा तक्ता काढला होता. 13 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, सगळे मिळून 52. शाळेतल्या गुणांच्या अगदी उलटा कारभार, कारण इथं ज्याला कमी गुण तो पास. आम्हा शिक्षकांना तो तक्ता घेऊन दारोदार धाडलं. माणशी कपडे किती? दोन वेळचं पोटभर मिळतं का? टीव्ही, पंखा, रेडिओ, कुकर यांतलं घरात काय आहे? हे प्रश्न मी अशा बायांना विचारले, ज्यांच्या मुलांना मी रोज नावानं हाक मारत होते. विचारताना नजर कागदावरच ठेवायची मी.

त्यातलं एक घर विसरले नाही. नवरा गोव्याला बांधकामावर, बाई दुसऱ्यांच्या शेतात. थोरली पोरगी धाकट्या भावाला काखेत घेऊन गावभर हिंडायची. वर्षभर मागं लागून मी तिला शाळेत आणली होती, आणली ती भावासकट. तो मागच्या रांगेत दप्तरावर डोकं ठेवून झोपायचा, मध्येच उठून रडला की पाढे थांबायचे. आता त्या तक्त्यात मुलांविषयी एक प्रश्न होता. मूल शाळेत न जाता राबत असेल तर 0 गुण, शाळेत जातं आणि काम करत नाही तर पूर्ण 4. पोरगी शाळेत आली ती माझ्यामुळं, आणि तिच्या आईला 4 गुणांनी श्रीमंत केलं तेही मीच. वर कुकर होता, भावानं दिवाळीच्या ओवाळणीत दिलेला. त्याचेही गुण पडले. ते घर यादीत आलं नाही.

तिनं मला बोल लावला नाही. "कुकर लपवून ठेवायला पाहिजे होता की ओ बाई," म्हणाली आणि हसली. तेव्हापासून 'गरजू' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तो कुकर येतो.

मंत्री महोदय, तो तक्ता जुना झाला, आता पद्धत वेगळी, असं आपण म्हणाल. बरं, आजचीच पद्धत घेऊ. आपल्या राज्यात बीपीएल कार्डासाठी घराचं वर्षाचं उत्पन्न 1 लाख 20 हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला 10 हजार. नवऱ्याला रोज 400 रुपये मिळतात आणि महिन्याचे 25 दिवस काम लागतं असं धरा, तिथंच 10 हजार झाले. आता त्याच्या बायकोनं बाहेर पडून काही कमावलं, तर त्यातला पहिला रुपयाच घराला रेषेच्या वर नेतो.

हा हिशेब पाळणाघराला लावून बघा. मूल ठेवायला जागा मिळाली म्हणून आई कामाला गेली. कामाला गेली म्हणून घर रेषेच्या वर गेलं. वर गेलं म्हणून पाळणाघरातलं मुलाचं नाव कापलं. नाव कापलं म्हणून आई घरी बसली, आणि घर परत रेषेच्या खाली. आता ती पुन्हा पात्र! दुसऱ्या कुठल्याही मदतीत हा घोळ एवढा होत नाही. तांदूळ मिळाला म्हणून कुणाचं उत्पन्न वाढत नाही. पाळणाघर मिळालं की ते वाढतं, त्याच्यासाठीच तर ते आहे. उत्पन्न वाढावं म्हणून काढलेल्या सोयीला उत्पन्न वाढू नये अशी अट घालायची, हे मला कुणी समजावून सांगावं.

बरं, रेषा तरी एक आहे का? कार्डाला 1 लाख 20 हजार. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मात्र 8 लाखांच्या आतलं घरही बसतं. तेच बाळ पोटात असताना एका टेबलावर गरीब, आणि रांगायला लागल्यावर दुसऱ्या टेबलावर श्रीमंत. नोव्हेंबर 2024 मध्ये काय झालं ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. राज्यभर कार्डांची छाननी निघाली, कितीतरी घरं एका झटक्यात एपीएल, म्हणजे रेषेच्या वरची झाली, ओरड झाली, आणि सरकारनंच पाय मागं घेतला. सरकारी नोकर आणि इन्कम टॅक्स भरणारे सोडून बाकीच्यांची कार्डं परत द्या, असं सांगावं लागलं. तेवढ्या दिवसांत दुकानातनं रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या बायांना पुढं तांदूळ तरी मिळाला. पाळणाघराच्या बाबतीत तसं नाही. दोन महिने मूल सांभाळायला कुणी नसेल तर बाईचं काम जातं, आणि त्या जागी दुसरी आलेली असते. मागाहून कार्ड हिरवं करा की पिवळं करा.

माझ्या शेजारणीचं सांगते. दोघं नवरा-बायको मागावर. तो साड्या विणतो, ती कांड्या भरते. चुकून कुणी तपासनीस आला तर घर मोठं दिसेल, पक्कं आहे, शहरात आहे, आणि शहरातल्या 1,000 चौरस फुटांच्या पक्क्या घराला बीपीएल मिळत नाही. पण अर्ध्या घरात माग आहेत, तेही कर्जाचे. राहायला उरते ती एक खोली. तिचं दीड वर्षाचं पोर दिवसभर खाटेच्या पायाला जुन्या साडीनं बांधलेलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रागावले तिला. "सोडलं तर मागाकडं पळतंय बाई, बोट सापडलं तर काय करू?" म्हणाली. यावर मी काय बोलणार? कापसाची तूस त्याच्या केसांत असते, आणि बोलायला लागायच्या वयात ते माणसांपेक्षा यंत्रच जास्त ऐकतं. हे घर आपल्या कागदावर गरजू आहे का? मला तरी वाटतं, नसेल.

निपाणीकडं चला. तिथल्या वखारींत आणि विड्यांच्या धंद्यात बायांच्या पिढ्या गेल्या. 1966 च्या विडी कामगारांच्या कायद्यात, ठरावीक संख्येपेक्षा जास्त बाया असतील त्या कारखान्यानं पाळणाघर चालवावं असं लिहिलेलं होतं. चांगलं लिहिलं होतं. पण विड्या कारखान्यातून उठून घरी आल्या. बाई घरच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसली, कारखान्याची जबाबदारी संपली, आणि मूल तंबाखूच्या धुरळ्यात शेजारी येऊन बसलं. 'ती तर घरीच असते, तिला पाळणाघर कशाला,' असं म्हणणारे अधिकारी मला भेटलेत. हजार विड्या वळणारी बाई घरी असते, ही गोष्ट खरी. तिचे दोन्ही हात मात्र घरी नसतात.

आणि ऊसतोड? साखर कारखान्यांचा जिल्हा आपला. दिवाळी झाली की टोळ्या येतात, विजापूरकडच्या, पलीकडं बीडच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे ती दोघं फडात, आणि मुलं कोपीवर, म्हणजे झोपडीवर, नाहीतर फडाच्या बांधावर, उन्हात. त्यांचं कार्ड गावाकडं, कुणाचं तर दुसऱ्याच राज्याचं. इथल्या पंचायतीचं रोजगार हमीचं जॉबकार्ड त्यांच्याकडं असायचं कारणच नाही. गरज बघायची तर यांच्याएवढी गरज जिल्ह्यात कुणाला नाही. कागद बघायचा तर यांच्याएवढं अपात्र कुणी नाही. गरजूंसाठी म्हणून लावलेली चाळण पहिल्यांदा खाली पाडते ती यांनाच.

आता जरा कडू बोलते, राग मानू नये. आपल्याकडं मुलं सांभाळायची सगळ्यात मोठी सरकारी मदत कुणाला मिळते? पगारदार बाईला. राज्य सरकारच्या नोकरीतल्या बायकांना 2021 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, भरपगारी. केंद्राच्या नोकरीत 2008 पासून 730 दिवस. माझ्या मुलीनं ती रजा घेतली आणि मला आनंदच झाला. माझ्या वेळी ती असती तर मीही घेतली असती, सासूबाईंच्या हातापाया पडावं लागलं नसतं. पण त्या रजेच्या अर्जाला कुणी उत्पन्नाचा दाखला जोडायला सांगितला नाही. घरात कुकर आहे का, असंही विचारलं नाही. माझ्या मुलीच्या एका महिन्याच्या रजेवर सरकारचा जेवढा खर्च झाला, तेवढ्यात वडगावातल्या एका खोलीत पाचसहा मुलं कितीतरी दिवस जेवून-झोपून असती. ती रजा काढून घ्या असं माझं म्हणणं नाही. गरज तपासायची एवढी हौस असेल तर सुरुवात कांड्या भरणारीपासून का, एवढंच विचारते.

अंगणवाडीच्या खाऊला कार्डाची अट घालता येत नाही, हे आपल्या खात्याला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानं 7 ऑक्टोबर 2004 च्या आदेशात स्पष्ट सांगितलं होतं, की अंगणवाडीच्या लाभासाठी दारिद्र्यरेषा ही पात्रतेची अट धरायची नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंही 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलाचा हक्क मान्य केला, त्याच्या बापाची मिळकत न विचारता. पण अंगणवाडीत रोज बसतात ती 3 वर्षांवरची मुलं. त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, पिशवीतून. 6 महिने ते 3 वर्षं हा जो मधला काळ, ज्यात मूल धड बसत नाही, धड थांबत नाही आणि क्षणभर नजर हटवू देत नाही, त्या काळात आईनं काय करायचं? पिशवी मूल सांभाळत नाही.

म्हणून कूसिन मने आली तेव्हा मला बरं वाटलं. (कन्नडात कूसु म्हणजे बाळ. आमच्या मराठीत कूस आईची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या दोन्ही अर्थांनी तो शब्द वापरतात आणि कुणाचं काही अडत नाही.) 2023-24 च्या अर्थसंकल्पात 4,000 ग्रामपंचायतींत ही घरं काढायचं ठरलं, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांच्या 3 वर्षांखालच्या मुलांसाठी. कल्पना उत्तम. पण ग्रामपंचायत म्हटल्यावर वडगाव, शहापूर, खासबाग बाहेर. निपाणी शहर बाहेर. आणि रोजगार हमी म्हटल्यावर विडीवाली बाहेर, ऊसतोडवाली बाहेर, रोज पहाटेच्या बसनं शहरात धुणीभांडी करायला येणारी बाहेर. आधीच एवढ्या बाया बाहेर आहेत. त्यात आणखी एक चाळण लावा म्हणणाऱ्यांनी आत नक्की कुणाला ठेवायचं ठरवलंय?

रोजगार हमीचीच एक जुनी तरतूद मला नेहमी आवडत आली. 2005 च्या कायद्यात होतं, की कामावर आलेल्या बायांबरोबर 6 वर्षांखालची 5 किंवा जास्त मुलं असतील, तर त्यातल्या एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. किती ठिकाणी पाळलं गेलं ते सोडा. पण त्यात गरज कशी ओळखली होती बघा. उन्हात पाटी उचलायला आलीय ना? मग झालं. आणखी दाखला कसला?

माझं म्हणणं तिथं येतं. मर्यादा घालूच नका असं मी म्हणत नाही. पैसा थोडा, खोल्या थोड्या, मुलं जास्त, हे मला कळतं. शाळेत एका पुस्तकात दोन मुलं बसवून शिकवलेली बाई आहे मी. जागा 20 आणि मुलं 40 असतील तर कुणाला तरी थांबावंच लागेल. तेव्हा मूल किती वयाचं, आई दिवसाचे किती तास राबते आणि घरात दुसरं कुणी बघायला आहे का, हे विचारा. विधवा, टाकलेली, एकटी, तिचं मूल आधी. 3 वर्षांखालचं आधी. घरात धडधाकट आजी असेल तर ते मूल जरा थांबेल. हे ठरवायला नाडकचेरीतल्या, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीतल्या रांगेची गरज नाही. दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडते, अर्ज कन्नडात, भरून देणारा वेगळे पैसे घेतो. गल्लीत कोण किती राबतं हे अंगणवाडीच्या टीचरला आणि आशाताईला तोंडपाठ असतं. त्या आपल्या ओळखीच्यांची नावं घालतील, ही शंका रास्त आहे. मग यादी भिंतीवर लावा, नावापुढं कारण लिहा, मराठीत आणि कन्नडात. खोटं नाव भिंतीवर फार दिवस टिकत नाही, बाया वाचून दाखवतात.

आणि ज्याला परवडतं त्याच्याकडून पैसे घ्या. हे काही मी नव्यानं सांगत नाही. 2017 पासूनच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दर ठरलेलेच होते. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना 20 रुपये, 12 हजारांपर्यंत मासिक उत्पन्नाला 100, त्यावर 200. आकडे जुने झाले, 200 चे 1,500 करा, माझी हरकत नाही. डॉक्टरबाईंनी भरावेत. पण त्यांचं मूल त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर येऊ द्या. आता केंद्राची जी पाळणा योजना आहे, महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास, तीही आई नोकरीला आहे की नाही हे बघत नाही. ती शहरी वस्तीत आणायला कुणी अडवलंय?

डॉक्टरबाईंचं मूल त्या खोलीत हवं, याचं कारण दयामाया नाही. माझ्या शाळेत जे झालं ते पुन्हा बघायची इच्छा नाही, म्हणून सांगते. मी लागले तेव्हा गावच्या मराठी शाळेत पाटलाचा मुलगा, सोसायटीच्या चेअरमनची मुलगी आणि शेतमजुराचं पोर एका रांगेत होतं. कौल फुटला की पाटील स्वतः येऊन ओरडायचे, आणि आठवड्यात माणूस यायचा. मग एकेक करून ती मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जायला लागली. माझ्या शेवटच्या शाळेत दोन पावसाळे एक वर्ग गळत होता. मी अर्जावर अर्ज केले, पालकांनीही केले. त्या पालकांचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हता, एवढाच फरक. पाळणाघर 'गरिबांचं' झालं की तिथल्या डाळीत पाणी वाढेल, खिडकीची जाळी फाटेल, आणि विचारायला कुणी उरणार नाही. वर, 'आमचं पोर तिथं आहे' असं सांगायची आयांना लाज वाटायला लागेल ते वेगळंच.

भाषेचं दोनच शब्दांत, कारण त्यावर सीमाभागात बोलायला लागलं की बाकी सगळं बाजूला राहतं. दीड वर्षाच्या मुलाला पाणी मागायचं असतं. ते ज्या भाषेत मागेल, ती समजणारी बाई तिथं हवी. मराठी गल्लीत मराठी, कन्नड गल्लीत कन्नड, उर्दू गल्लीत उर्दू. त्याच गल्लीतली बाई नेमली की हा प्रश्न उरतच नाही, आणि तिलाही काम मिळतं.

आपलं अधिवेशन डिसेंबरात. सुवर्ण विधानसौध हलग्याला, आमच्या वडगावापासून गाडीनं फार वेळ लागत नाही. एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला या. बंदोबस्त नको, हार नको. अंगणवाडीचं दार त्या वेळेला लागतं आणि माग मात्र चालूच असतात. मुलं पाटी-दप्तर घेऊन कुठं जातात, ते मी दाखवते. शेजारणीला सांगून ठेवीन, त्या दिवशी पोराला सोडू नको म्हणून. साहेब येणार म्हटल्यावर ती ते लपवायला बघेल, जसा तो कुकर लपवायला हवा होता म्हणे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
वडगाव, बेळगाव